लोकप्रिय करमणुकीची नावड

सुशिक्षित घरांत एक वाक्य असें आहे कीं, तें उच्चारतांना बोलणाराची मान किंचित् वर होते. ‘तें आम्हीं पाहिलेंच नाहीं,’ हें तें वाक्य. एखादा चित्रपट, दूरदर्शनवरची एखादी मालिका किंवा मोबाइलवरचा एखादा खेळ गांवोगांव गाजत असावा, रिक्षावाल्यापासून कॉलेजांतल्या मुलीपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडीं त्याचें नांव असावें, आणि अशा वेळीं दिवाणखान्यांत बसलेल्या गृहस्थानें शांतपणें हें वाक्य म्हणावें, कीं लगेच चार मंडळी त्याच्याकडे थोड्याशा आदरानें पाहूं लागतात. न वाचलेल्या ग्रंथाविषयीं असा अभिमान कोणी बाळगीत नाहीं. ज्ञानेश्वरी वाचली नाहीं असें सांगतांना माणूस ओशाळतो, निदान वेळ मिळाला नाहीं अशी सबब तरी पुढें करतो. मग न पाहिल्याचा हा अभिमान येतो कोठून? जिची ओळखच झाली नाहीं अशा वस्तूविषयीं नावड उत्पन्न व्हावी, आणि ती नावड उलट अभिरुचीचें लक्षण समजली जावी, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे. आमच्या टीकाकारांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं. कारण उघड आहे, तेही बहुधा त्याच दिवाणखान्यांत बसलेले असतात.

ह्या विचारासाठीं आम्ही बोर्डी हें गांव हाताशीं धरतों. डहाणू तालुक्याच्या उत्तर टोकास, चिकूच्या वाड्या आणि सुरूचीं झाडें ह्यांच्या आश्रयानें वसलेलें हें समुद्रकांठचें गांव करमणुकीच्या इतिहासांत कोणी मोजीत नाहीं. तथापि त्याच्या अवतीभोंवतीं लोकरंजनाचे तीन अगदीं भिन्न मार्ग एकमेकांस न ओळखतां नांदले आहेत. उत्तरेस कांहीं मैलांवर उंबरगांव आहे. १९६० पर्यंत तें ठाणें जिल्ह्यांतच होतें, पुढें गुजराथेंत गेलें. तेथें रामानंद सागर ह्यांच्या ‘रामायण’ मालिकेचें चित्रण झालें. आसपासच्या पाड्यांतून वारली लोकांचा तारपा वाजत आला आहे, त्याला किती पिढ्या झाल्या तें कोण सांगणार! आणि खुद्द बोर्डींत १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून मुलाच्या खेळाकडे गंभीरपणें पाहण्यास आरंभ केला. ज्या प्रश्नास आम्हीं हात घातला आहे त्याच्या तिन्ही बाजू अशा एका टापूंत सांपडतात.

आधीं उंबरगांवच्या रामायणाकडे वळूं. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ ह्या काळांत दर रविवारीं सकाळीं ही मालिका दाखविली गेली. तिचे एकंदर ७८ भाग झाले. त्या वेळीं वाहिन्यांची आजच्यासारखी रेलचेल नव्हती. ज्याच्या घरीं संच असेल त्याच्या घरीं सगळी आळी लोटत असे, रस्ते ओस पडत, आणि कित्येक ठिकाणीं संचाला हार घालून पुढें उदबत्ती लावीत. सुशिक्षितांची तक्रार तेव्हांपासूनच सुरू झाली. महाल पुठ्ठ्याचे दिसतात, दागिने बेगडी आहेत, आकाशांत बाणाला बाण भिडून ठिणग्या उडतात हें पोरकट आहे, एक वाक्य उच्चारलें गेलें कीं दहा चेहरे आळीपाळीनें दाखविले जातात, आणि कथानकाची गति मुंगीची आहे. ह्यांपैकीं एकही आक्षेप खोटा नाहीं. ह्या मालिकेंतील कित्येक प्रसंग केवळ कंटाळवाणे आहेत, असें म्हणण्यास आम्हांलाही संकोच वाटत नाहीं. परंतु आक्षेप खरे असणें निराळें, आणि नावडीचें कारण तेंच असणें निराळें.

पुठ्ठ्याचे महाल आमच्या संगीत नाटकांतही होते. बालगंधर्वांचें एकेक पद ‘वन्समोअर’च्या गजरांत पुन्हां पुन्हां गाइलें जाई, तोंपर्यंत नाटकांतलीं इतर पात्रें रंगभूमीवर तिष्ठत उभीं असत, आणि कथानक कोठें अडकलें आहे ह्याची चौकशी करणारे थोडेच निघत. तें मंदगतीचें नाटक आम्हीं अभिरुचीच्या देव्हाऱ्यांत बसविलें. मग रामायणाच्याच मुंगीला दोष कां? दुसरें असें कीं, ही मालिका ज्यांच्यासाठीं होती त्यांना गति नकोच होती. कीर्तनांत बुवा आख्यान लावतात तेव्हां पुढें काय होणार हें श्रोत्यांतल्या पोरासही ठाऊक असतें. वनवासाला निघालेल्या रामाकडे कौसल्या पाहते, तेथें बुवा थांबतात, झांज थांबते, श्रोते डोळे पुसतात. तें थांबणें हेंच कीर्तन. चेहऱ्यावर रेंगाळणारा सागरांचा कॅमेरा तेंच करीत होता. तो गोष्ट सांगत नव्हता, दर्शन घडवीत होता. ज्याला दर्शन नको त्याला तो कंटाळवाणा वाटणार हें ओघानेंच आलें. पण मग त्यानें ‘हें माझ्यासाठीं नव्हे’ एवढेंच म्हणावें. तें न म्हणतां तो म्हणतो, ‘लोकांना कळत नाहीं.’ नावडीचें खरें मूळ ह्या दुसऱ्या वाक्यांत आहे.

हें अधिक स्पष्ट व्हावें म्हणून त्याच्याही आधींच्या एका रामायणाची आठवण देतों. १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवर गदिमांचें व सुधीर फडके ह्यांचें ‘गीतरामायण’ दर आठवड्यास एक ह्या क्रमानें वर्षभर चाललें. त्यांत ५६ गीतें होतीं. तेंही अफाट लोकप्रिय झालें. ठरलेल्या वेळीं लोक रेडिओभोंवतीं जमत, रेडिओला फुलें वाहत, अशा आठवणी जुनीं माणसें आजही सांगतात. विषय तोच, भक्तीही तीच, आणि यंत्रापुढें हात जोडणेंही तेंच. आणि तरीही त्या हात जोडण्याला कोणीं अडाणीपणा म्हटलें नाहीं. उलट तो महाराष्ट्राच्या संस्कृतीचा गौरव म्हणून आपण अजून सांगतों. गीतरामायण हें काव्य व संगीत म्हणून सागरांच्या मालिकेहून सरस आहे ह्याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. पण फुलें वाहणाऱ्यांविषयींचें आमचें मत त्या सरसतेनें ठरलेलें नाहीं. पहिल्या वेळीं फुलें वाहणारे आपले काकामामा होते. दुसऱ्या वेळीं ते कोण होते हें आपणांस ठाऊक नव्हतें. ते फार होते, आणि बरेचसे आपल्या आळीच्या बाहेरचे होते. कृतीची परीक्षा करतों असें म्हणत म्हणत आपण बहुधा शेजाऱ्यांचीच परीक्षा करीत असतों.

ते ‘न कळणारे’ लोक काय करीत होते, हेंही पाहण्यासारखें आहे. मालिका उत्तरकांड न दाखवितांच संपणार असें दिसतांच १९८८ सालीं जालंदर येथील सफाई कामगारांनीं संप पुकारला. ह्या लोकांत वाल्मीकीला आपला पूर्वज व गुरु मानणारा मोठा समाज आहे. ज्या कांडांत वाल्मीकि स्वतः येतो, सीतेला आश्रय देतो, लवकुशांना वाढवितो, तेंच गाळलें जाणार होतें. संप पसरला, आणि पुढें उत्तरकांडाची मालिका निघाली. ग्रंथाच्या कोणत्या भागावर आपला हक्क आहे हें ओळखून त्यासाठीं काम बंद ठेवणारा हा प्रेक्षक, न पाहिल्याचा अभिमान मिरविणाऱ्या आमच्या गृहस्थापेक्षां कमी रसिक होता, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

मग लोकप्रिय वस्तूविषयींची प्रत्येक नावड म्हणजे केवळ जातीचा किंवा वर्गाचा ताठा समजावयाचा काय? असें म्हणणें सोपें आहे, आणि अलीकडे तें म्हणण्याचीही एक टूम निघाली आहे. जें खपतें तें थोर, त्याला नाक मुरडणारा तो गर्विष्ठ, असें कांहीं तरुण लेखक मोठ्या आवेशानें लिहितात. आम्हांस तें मान्य नाहीं. ह्याच मालिकेविषयीं रोमिला थापर ह्यांनीं १९८९ सालीं एक लेख लिहिला. त्यांचा आक्षेप पुठ्ठ्याच्या महालांवर नव्हता, पाहणाऱ्यांच्या अडाणीपणावर तर मुळींच नव्हता. ह्या देशांत रामकथा एक नाहीं, अनेक आहेत. जैनांची निराळी, बौद्धांची निराळी, प्रांतोप्रांतींची, जातीजातींची निराळी. सरकारी माध्यमांतून एकच कथा एकाच वेळीं घरोघर पोंचली, तर बाकीच्या कथांचें काय होणार, हा त्यांचा प्रश्न होता. एकनाथांचें भावार्थरामायण व श्रीधराचा रामविजय ज्यांनीं घरांत ऐकला आहे त्या मराठी वाचकास ह्या प्रश्नाचें मर्म सांगावयास नको. ही नावड वस्तु पाहून झालेली आहे, आणि ती पाहणाऱ्याकडे बोट न दाखवितां वस्तूनें काय बाजूस सारलें तिकडे बोट दाखविते. नावडीची हीच जात आम्हांस आदरणीय वाटते. ती दुर्मिळ आहे.

बहुधा दोन्ही जाती एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या निवडून काढणें कठीण जातें. दादा कोंडके ह्यांचें उदाहरण घ्या. १९६५ च्या सुमारास वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ ह्या लोकनाट्यांत त्यांनीं पुण्यामुंबईच्या सुशिक्षित प्रेक्षकांना पोट धरून हंसविलें. तेव्हां त्यांची द्वयर्थी भाषा ही लोककलेची अस्सल खूण ठरली. पुढें तोच नट चित्रपटांत आला, त्याचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरून तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला, आणि तीच भाषा अश्लील ठरली. येथें ताठा आहेच. पण दुसरीही गोष्ट खरी आहे कीं, लोकनाट्यांतला त्यांचा विनोद त्या दिवशींच्या वर्तमानपत्रावर, समोरच्या प्रेक्षकांवर, सोबतच्या नटाच्या फजितीवर तेथल्या तेथें उगवत असे. चित्रपटांत तो डबाबंद झाला आणि पुढच्या पुढच्या चित्रपटांत तोच डबा पुन्हां उघडला गेला. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारांवर रहस्यकथांचेंही असेंच आहे. त्या चोरून वाचणारीं मुलें पुढें प्राध्यापक झालीं आणि अर्नाळकरांचें नांव घेईनाशीं झालीं. त्यांच्या ह्या मौनांत लाज किती आणि न्याय किती हें त्यांचें त्यांसच ठाऊक.

आतां खेळांकडे येऊं. कारण आज घराघरांत जो तंटा चालू आहे तो मालिकांवरून नाहीं, मुलाच्या हातांतल्या खेळावरून आहे. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली तेव्हां सुशिक्षित कुटुंबांत एक खेळ अतोनात खेळला गेला. ‘लुडो किंग’ हा नवी मुंबईंतल्या एका कंपनीनें २०१६ सालीं काढलेला खेळ. पुण्याची आजी, ठाण्याची आत्या आणि अमेरिकेंतला भाचा रात्रीं अकरा-अकरा वाजेपर्यंत सोंगट्या मारीत बसत. कोणीं त्याला व्यसन म्हटलें नाहीं. कुटुंब जवळ आलें असेंच सर्वांनीं म्हटलें. वास्तविक हा सारीपाटाच्या घराण्यांतला खेळ, आणि फांशांच्या नादानें धर्मराजानें काय काय गमावलें तें आपण मुलांना पाळण्यांतच सांगतों! त्याच घरांत, त्याच रात्रीं, तशाच मोबाइलवर मुलगा ‘पबजी’ खेळत होता, आणि त्याच्या दारावर मात्र थापा पडत होत्या.

पबजीविषयीं जो क्षोभ उसळला तसा अलीकडच्या कोणत्याही करमणुकीविषयीं उसळलेला आम्हांस आठवत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें ह्या खेळावर बंदी घालावी म्हणून अकरा वर्षांच्या एका मुलाच्या नांवें मुंबई उच्च न्यायालयांत याचिका दाखल झाली. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत राजकोटच्या पोलिसांनीं हा खेळ खेळतांना सांपडलेल्या तरुणांस अटक केली. पुढें २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें त्यावर बंदी घातली, तेव्हां पुष्कळ आईबापांनीं सुटकेचा श्वास टाकला. परंतु त्या आज्ञेंत मुलांच्या अभ्यासाचा किंवा डोळ्यांचा शब्दही नव्हता. देशाची सुरक्षितता आणि चिनी कंपन्यांच्या हातीं जाणारी माहिती हीं कारणें होतीं, आणि एकाच वेळीं ११८ ॲप बंद झालीं. जुलै २०२१ मध्यें तोच खेळ थोड्या फेरफारानें दुसऱ्या नांवानें परत आला. म्हणजे ज्या गोष्टीचा राग होता तिचा निवाडा झालाच नाहीं.

राग कशाचा होता? हिंसेचा, असें सांगतात. शंभर माणसें विमानांतून एका बेटावर उतरतात, रिकाम्या घरांतून शस्त्रें गोळा करतात, आणि एकमेकांस मारीत शेवटीं एकच उरतो किंवा एकच चौकडी उरते. ऐकण्यास हें भयंकर आहे खरें. पण दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करून त्यावर भालेवाले मावळे आणि तोफा मांडणाऱ्या मुलाचें आपण कौतुकच करतों. आणि सहा महारथींनीं मिळून एका पोरक्या पोराला मारल्याची कथा आपण त्याला झोंपतांना ऐकवितों. बंदुकीपेक्षां बंद दार अधिक बोंचतें, असा आमचा कयास आहे. मुलगा घरांत आहे आणि नाहींही. तो कोणाशीं तरी बोलतो आहे, कोणाला तरी सांवरून घेतो आहे, त्याच्या आवाजांत कधीं नव्हे ती जबाबदारी आहे, आणि त्या मंडळींत आपण नाहीं. लुडोंत आपण होतों. पबजी ही नावडीच्या दृष्टीनें उंबरगांवच्या रामायणाची धाकटी बहीण आहे. तेथेंही फुलें वाहणारे आपल्या आळीच्या बाहेरचे होते.

ह्या खेळांत चांगलें काय आहे तेंही टीकाकारानें सांगितलें पाहिजे. रिकाम्या गांवांतून दबकत जाण्यांत एक शांतता आहे. पावलाच्या आवाजावरून माणूस किती दूर आहे हें ओळखावें लागतें. चौघांनीं वाटणी करावी लागते, पडलेल्या सोबत्यासाठीं थांबावयाचें कीं पुढें जावयाचें हें क्षणांत ठरवावें लागतें. भोंवतालचें वर्तुळ सारखें आकसत येतें, आणि त्यामुळें भित्र्या खेळाडूसही लपून राहतां येत नाहीं. हें शेवटचें कलम तर मोठ्या कौशल्याचें आहे. खेळ म्हणून त्याची रचना सरस आहे, असेंच कोणाही निःपक्षपाती माणसास म्हणावें लागेल.

दोष आहे तो खेळाच्या बाहेर गुंफलेल्या जाळ्यांत, आणि तो समजण्यास बोर्डीचा तिसरा मार्ग उपयोगी पडतो. ताराबाई मोडक गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर भावनगरास काम करून येथें आल्या होत्या. माँटेसरीबाईंची दृष्टि त्यांनीं ग्रामीण व आदिवासी मुलांसाठीं पुन्हां घडविली. परदेशी महागडीं साधनें बाजूस ठेवून शिंपले, खडे, बिया, पानें ह्यांवर काम चालविलें. मुलें शाळेंत येईनात तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली, तीच पुढें अंगणवाडी ह्या नांवानें देशभर ओळखीची झाली. १९५७ सालीं हें काम कोसबादच्या टेकडीवर गेलें. ह्या साऱ्या पद्धतीच्या मुळाशीं एक साधें निरीक्षण आहे. मुलाला आपल्या मनानें साधन निवडूं द्यावें. तें मूल एकच गोष्ट वीस वेळां करील, तीस वेळां करील, आणि तृप्त झालें कीं आपण होऊन साधन जागेवर ठेवून उठेल. खेळ संपल्याची खूण बाहेरून द्यावी लागत नाहीं; ती मुलाच्या आंतून येते.

ह्या मापानें पबजी मोजा. एक डाव अर्ध्या तासांत संपतो, आणि तेथें खेळ म्हणून तो पुरा झालेला असतो. पण व्यापार तेथें संपत नाहीं. रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस. न लावणाऱ्याची माळ तुटते. मोठ्या कष्टानें चढलेला दर्जा हंगाम संपला कीं खालीं घसरतो, म्हणजे पुन्हां चढावयाचें. नवे पोशाख ठराविक दिवसांपुरतेच मिळतात. नवख्याच्या पहिल्या डावांत समोर माणसांऐवजीं यंत्रानें चालविलेलीं बाहुलीं पेरतात, आणि तो समजतो कीं आपण फार शूर. हीं सगळीं कलमें एकाच हेतूनें रचिलेलीं आहेत. तृप्तीची ती आंतली खूण मुलाला ऐकूं येऊं नये हा तो हेतु. आमची नावड येथें आहे, आणि ती बंदुकीविषयीं नाहीं कीं खेळणाऱ्या पोरांविषयीं नाहीं. हेंच जाळें आतां लुडोभोंवतींही विणलें गेलें आहे. तेथेंही रोजचें बक्षीस असतें, नाणीं असतात, विकत घेण्याचे फांसे असतात. आजींना तें दिसत नाहीं, कारण त्या खेळाविषयीं नावड बाळगण्याचें त्यांना कारण पडलेलें नाहीं.

नावडीचा आणखी एक प्रकार आहे. तो बाहेरच्यांचा नसून आंतल्यांचा. खेळांत मुरलेल्या तरुणांना विचारा. पबजीला सर्वांत अधिक हंसणारे तेच सांपडतील. जी वस्तु चौघांना ठाऊक होती ती सर्वांची झाली कीं पहिल्या चौघांना ती परकी वाटूं लागते. नागराज मंजुळे ह्यांचा ‘फँड्री’ ज्यांनीं जीव लावून पाहिला त्यांपैकीं कित्येकांनीं २९ एप्रिल २०१६ रोजीं आलेल्या ‘सैराट’वर पुढें नाक मुरडलें. चित्रपटाचा शेवट प्रेक्षकाच्या छातींत सुरी खुपसतो; पण लोकांनीं उचललें तें नाचाचें गाणें. लग्नाच्या वरातींत, गणपतींत, बोर्डीच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारीं येणाऱ्या गाड्यांतून तेंच गाणें इतक्या वेळां कानीं आलें कीं त्याचा वीट आला, आणि तो वीट लोकांनीं चित्रपटाच्या खातीं मांडला. हा हिशेब चुकीचा आहे हें खरें. पण त्यांत एक न्याय्य तक्रार दडलेली आहे. जें नको म्हणतां येत नाहीं तें आवडणेंही कठीण होतें.

तारप्याचा नाच पाहतांना हें आमच्या विशेष ध्यानांत आलें. वाळलेला भोपळा आणि बांबू ह्यांचें तें वाद्य घेऊन वाजविणारा मधोमध फिरतो, आणि हातांत हात गुंफून स्त्रीपुरुषांची सांखळी त्याच्याभोंवतीं वळत जाते; जिव्या सोमा मशे ह्यांच्या चित्रांतून हें वलय आतां जगभर गेलें आहे. पाड्यावर हा नाच कोणाला आवडतो आणि कोणाला आवडत नाहीं, असा प्रश्न विचारला तर तो समजणार नाहीं. दमला तो सांखळी सोडतो, बसतो, वाटल्यास पुन्हां येतो. तेथें लोकप्रियता नाहीं, कारण निराळे असे प्रेक्षक नाहींत. तोच नाच पर्यटकांपुढें मांडवांत होतो तेव्हां खुर्च्यांच्या दुसऱ्या ओळींत ‘फार वेळ तेंच तें चाललें आहे’ अशी कुजबुज ऐकूं येते. नावडीचा जन्म त्या खुर्चीबरोबर होतो, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

रामायणाचें मात्र पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. टाळेबंदींत, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शननें तीच मालिका रोज सकाळीं व रात्रीं पुन्हां दाखविण्यास आरंभ केला. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लक्ष लोकांनीं पाहिला असें दूरदर्शननें जाहीर केलें. महाल तेच पुठ्ठ्याचे होते, गति तीच मुंगीची होती, आणि बाणाला बाण भिडून ठिणग्या पूर्वींसारख्याच उडत होत्या. ह्या वेळीं आळी लोटलेली नव्हती; जो तो आपापल्या घरांत, आपापल्या माणसांत बसून पाहत होता. त्या ठिणग्या पाहून नातवंडें हंसूं लागलीं, तेव्हां त्यांना दटावून गप्प बसविणारे आजोबा हे पुष्कळ घरीं तेच होते, ज्यांनीं १९८७ सालीं त्याच ठिणग्यांना पोरकट म्हटलें होतें.